पाऊण इंच

बोट कापल्याचं हर्षालीला कागदावरून कळलं. नोंदवहीच्या पानावर एक लाल ठिपका पडला, मग दुसरा, मग तारखेच्या रकान्यापासून नमुना क्रमांकाच्या रकान्यापर्यंत एक पुसट रेघ ओढली गेली, आणि तरीही तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कुंकू सांडलं. पत्र्याला कुंकू होतंच. सत्तर वर्षांची हळद आणि कुंकू त्याच्या खळग्यांत बसून बसून काळपट, चामड्यासारखं झालं होतं आणि दुपारपासून थोडं थोडं झडत होतं. टेबलावर, व्हर्नियरवर, तिच्या कुर्त्याच्या बाहीवर. हातमोजे तिने मुद्दाम काढले होते. हातमोज्यातून मापाचा जबडा धातूला टेकला की नाही ते तिला कळत नव्हतं. काढल्यावरही कळत नव्हतं, पण निदान दिसत होतं. तेवढ्यात पत्र्याची फाटकी कड करंगळीशेजारच्या बोटात शिरली आणि बाहेर आली, आणि बोटाने ते तिला सांगितलंच नाही.

"मॅडम, अहो रक्त!" पलीकडच्या टेबलावरून इन्शा उठली. इन्शा गेली पाच वर्षं सातपूरच्या या खासगी प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली होती. नमुने कापणं, घासणं, चकचकीत करणं तिच्याकडे असे. "नुसत्या बघताय काय? द्या हात इकडं."

"दुखत नाहीये."

"दुखत नाही म्हणून वाहू द्यायचं? या अल्ला." तिने हर्षालीचा हात धरून नळाखाली नेला. पाणी गार होतं की कोमट, हेही हर्षालीला मनगटापर्यंत पोचल्यावरच समजलं. "माझी खाला म्हणते, ज्याला चिमटा लागत नाही त्याच्याशी उधारी करू नये." इन्शा पट्टी गुंडाळत स्वतःच हसली. "तुम्ही बसा आता. मापं मी घेते, तुम्ही लिहा. डाव्या हाताने येतं ना लिहिता?"

"उजव्याच हाताने लिहिते मी. कापलंय डावं."

"मग झालं तर."

बोटांचं असं होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कॅन्सरवरच्या औषधात प्लॅटिनम होतं. पंचवीस वर्षं धातूंच्या पोटात डोकावून काढलेल्या बाईच्या शिरेत सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी एकदा, एक धातू सोडण्यात आला, आणि त्याची ही खूण बोटांच्या टोकांवर राहिली. वर्षभरात जाईल, किंवा जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हर्षालीला ते उत्तर आवडलं होतं. त्यात खोटा धीर नव्हता. शस्त्रक्रियेत त्यांनी जे जे काढता येण्यासारखं होतं ते काढलं, नंतर अकरा किलो वजन आपोआप गेलं, आणि सात महिन्यांनी ती कामावर परत आली तेव्हा शिपायापासून मालकांपर्यंत सगळे तिच्याशी आवाज खाली घेऊन बोलत होते. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. चांगलंही वाटलं नाही. शीतकपाटातून काढलेल्या भांड्यावर जसं बाष्प धरतं तसं काहीतरी तिच्या आणि सगळ्या गोष्टींच्या मध्ये धरलं होतं. आतलं दिसत होतं, पण हात फिरवला की ओला व्हायचा तो हातच. पूर्वी एखादा नमुना नीट घासला गेलाय का, हे ती अंगठ्याने सांगायची. आता ती इन्शाला विचारायची.

पत्रा तळहाताएवढा होता. दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारलेल्या जोडाचा फाटून आलेला तुकडा; वरच्या अंगाला एका ओळीत पाच भोकं, त्यांतल्या एकात रिव्हेटचा बुंधा अजून अडकलेला. जेल रोडच्या घरी तो देवघरात, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला असे. आज सकाळी तो उचलण्याआधी तिच्या वडिलांनी, धोंडीराम गतीरांनी, त्याच्यावर अक्षता टाकल्या होत्या आणि गणपती हलवतात तसा तो जागच्या जागी जरासा सरकवून घेतला होता. मग आईच्या एका खणात गुंडाळून तिच्या हातात दिला होता. "कोपऱ्याचा घे," अप्पा म्हणाले होते, "जोंधळ्याएवढा. जास्त नको. आणि पालथा ठेवू नको त्याला." तिचे आजोबा, निवृत्ती, बेचाळीस साली सिलोनला विमानविरोधी तोफेवर होते. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी जपान्यांच्या विमानवाहू बोटींवरून उडालेली विमानं कोलंबोवर आली, आणि त्यातलं एक लढाऊ विमान निवृत्ती गतीरांच्या तोफेने पाडलं. हा पत्रा त्या विमानाचा. घरात ही गोष्ट वीज-पाण्यासारखी होती, कुठून येते ते कुणी विचारत नव्हतं. आता इगतपुरीकडच्या त्यांच्या मूळ गावात, शाळेच्या आवारात, गावातून सैन्यात गेलेल्यांच्या नावांचा फलक लागणार होता. रविवारी कार्यक्रम होता. पत्रा काचेच्या पेटीत ठेवायचा होता. मुख्याध्यापक देवराम सरांनी फोनवर फक्त एवढंच म्हटलं होतं, की एक निवृत्त सुभेदार पाहुणे म्हणून येणार आहेत, ते फार चौकस आहेत, तेव्हा एखादा दाखला असला तर बरं. "दाखला?" अप्पांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "दाखला देणारी माझ्या घरात आहे." एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने एवढ्या तोऱ्यात बोललेलं तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या दाखल्याखाली तिची सही हवी होती, आणि तिची सही ही एकच गोष्ट होती जी तिने आजवर कुणाच्या भिडेखातर केली नव्हती.

स्पेक्ट्रोमीटरची ठिणगी सकाळीच पाडून झाली होती. कोपऱ्यात काळा, जोंधळ्याएवढा डाग. पडद्यावर आकडे आले: तांबं चार टक्के, थोडं मॅग्नेशियम, थोडं मँगनीज, बाकी सगळं ॲल्युमिनियम. जस्त नाही. हर्षाली त्या जस्ताच्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिली होती. जपान्यांच्या त्या विमानाच्या पंखांचा जो मुख्य तुळईसारखा कणा होता, तो जस्त घातलेल्या एका नव्या मिश्रधातूचा होता. त्या काळी जगात तेवढा बळकट हलका धातू दुसरा नव्हता. तिने पदव्युत्तर शिक्षणात त्याच धातूवर परिसंवादाचा निबंध वाचला होता. तो धातू बळकट होता, पण बेइमान होता. काही वर्षांनी त्याच्या कणांच्या सीमा आतल्या आत कुजत आणि एक दिवस तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटे. बनवणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. त्या विमानांना तेवढी वर्षं जगायचंच नव्हतं. जस्त सापडलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण जस्त नसल्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. कणा सोडला तर बाहेरचा बराचसा पत्रा साध्या ड्युराल्युमिनचाच, तांबं घातलेल्या ॲल्युमिनियमचाच असे, आणि ते तर त्या काळी सगळेच वापरत, जपानी, इंग्रज, अमेरिकन. तिने वाक्य जुळवून इन्शाला ऐकवलंही होतं: 'सदर नमुना तत्कालीन विमानांत वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूचा असून जपानी बनावटीशी विसंगत नाही.' खरं वाक्य होतं. अप्पांना 'विसंगत नाही' हे शब्द जरा कमी पडले असते, पण त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले असते आणि सुभेदारांनी मान डोलावली असती.

त्या विमानाला अप्पा 'झिरो' म्हणत. ते ज्या साली नौदलात आलं ते जपानी पंचांगातलं सव्वीसशेवं साल, त्याच्या शेवटच्या आकड्यावरून हे नाव, हे त्यांना माहीत होतं, कारण तिनेच त्यांना सांगितलं होतं. तिच्या लहानपणी त्यांची गोष्ट फार छोटी होती: इमान आलं, बा नं तोफ लावली, इमान पडलं. मग ती शिकायला गेली, आणि सुटीत घरी येताना दरवेळी काहीतरी घेऊन येऊ लागली. बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून, पूर्ण वेगात बोट पळवून मग विमानं कशी सोडतात. पहाटे, दिवे न लावता. पंख आणि वैमानिकाची जागा एकाच सांगाड्यात कशी जोडलेली, म्हणजे जोडाचे बोल्ट वाचतात, बोल्ट वाचले की वजन वाचतं. आतल्या प्रत्येक पट्टीला भोकं पाडून तिचं वजन कसं कमी केलेलं. वैमानिकाच्या पाठीमागे पोलाद नाही, तेलाच्या टाकीला रबराचं अस्तर नाही. एक गोळी आत गेली की संपलं. काही वैमानिक तर बिनतारी यंत्रसुद्धा काढून ठेवत, तेवढंच वजन कमी. हे सगळं अप्पांनी ऐकून घेतलं आणि गोष्टीत जिथल्या तिथे बसवलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर चोवीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला कुठली वस्तू कुठे बसते ते कळतं. औषधाच्या सहा खेपांत, त्या उंच पाठीच्या खुर्चीत ती पाच पाच तास पडलेली असताना, ते शेजारच्या स्टुलावर बसून तिला तीच गोष्ट सांगत राहिले. दुसरं काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. "मग ते खाली येतं, हर्षा. ढगातून. येवढंसं. आणि बा तोफेवर." बाटलीतून थेंब पडत असे. ती डोळे मिटून ऐके, आणि ज्यातून सगळं काढून टाकलंय अशा त्या हलक्या वस्तूत आपण बसलो आहोत, समुद्र फार खाली आहे आणि पाठीमागे काही नाही, असं तिला वाटे. भीती वाटत नसे. कुणीतरी खालून नेम धरतंय, आणि तो आपला आजोबा आहे, एवढंच जाणवे. पाचव्या खेपेला शेजारच्या खुर्चीतल्या भागीबाईंनी, पेठच्या बाजूच्या त्या म्हाताऱ्या बाईंनी, अप्पांना विचारलंही होतं, "बाबा, मंग त्या इमानाचा गडी पोहत गेला का?" आणि अप्पा म्हणाले होते, "नाही हो, जपानी होता तो." जसं काही जपान्यांना पोहता येत नाही. हर्षालीला तेव्हा हसू आलं होतं. सात महिन्यांत ती बहुधा तेवढंच हसली होती.

"लिहा मॅडम," इन्शा म्हणाली. तिने पत्रा दिव्याखाली धरला होता. ठिणगी पाडण्याआधी नमुन्याची मापं वहीत घ्यायची हा प्रयोगशाळेचा नियम. घरचा नमुना म्हणून सकाळी तो राहून गेला होता. "लांबी एकशे बारा, कड फाटलेली. रुंदी एकोणसत्तर. भोकांचा व्यास तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट तीन. भोकांमधलं अंतर घेऊ का?"

"घे."

"एकोणीस पॉइंट शून्य पाच." थोडा वेळ गेला. "पुढचं पण एकोणीस पॉइंट शून्य पाच. हे एकोणीस पॉइंट शून्य आठ. हे काय माप झालं? वीस ठेवायचं, अठरा ठेवायचं. दुकानात जाऊन कुणी एकोणीस पॉइंट शून्य पाच मीटर कापड मागतं का? जपानी लोक लय चिकट बाई. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत धरलं तर शहात्तर पॉइंट दोन."

हर्षालीने शहात्तर लिहिलं, टिंब दिलं, दोन लिहिले. शहात्तर पॉइंट दोन मिलिमीटर म्हणजे तीन इंच. तो आकडा तिला पाठ होता. जुन्या इंग्रजी नकाशांवरून काम करणाऱ्या कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला तो पाठ असतो. तीन इंचांत चार घरं. एक घर पाऊण इंचाचं. भोक एक-अष्टमांश इंचाचं. कुणीतरी, कुठेतरी, इंचाची पट्टी लावून, पेन्सिलीने खुणा करून ही भोकं पाडली होती. जपानी कारखाने मिलिमीटरमध्ये काम करत होते.

तिला काही झालं नाही. छातीत धडधड नाही, काही नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे दुसऱ्या वाटा तपासायला घेतल्या, जशी ती एखाद्या गिऱ्हाइकासाठी तपासते. जपान्यांनी काही भाग परदेशी परवान्यावर बनवले होते. पंखा अमेरिकन धाटणीचा होता, मशीनगन इंग्रजी धाटणीच्या. तिथे इंच शिरले असतील. पण हा पंखा नव्हता आणि बंदूक नव्हती, हा अंगावरचा पत्रा होता. मग जाडी. बाहेरची जाडी मोजण्यात अर्थ नव्हता. दर खंडेनवमीला घरात शस्त्रं, विळे, अप्पांचे नट पिळायचे पाने मांडून त्यांची पूजा होई, आणि त्यांच्या मध्यभागी हा पत्रा; पण पूजेआधी आई त्याला तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंच आणि मीठ लावून खसाखसा घाशी. हर्षालीने किती वेळा सांगितलं होतं, की हे तांबं नाही, आंबट आणि खारट दोन्ही याला विष आहे. "देवातली वस्तू आहे, मळकी ठेवू?" आई म्हणायची. सत्तर वर्षांच्या भक्तीने पत्रा जागोजागी कागदासारखा झाला होता. पण जोडाच्या आत, जिथे एक पत्रा दुसऱ्याच्या खाली जातो, तिथे चिंच पोचली नव्हती. "इन्शा, वरचा पत्रा जरा उचल. चाकूने. सावकाश." फटीत उजेड गेला. आत रंगाचा एक पट्टा होता, राखाडी, किंचित हिरवट, ऐंशी वर्षं कुणी न पाहिलेला. जपानी त्या जागी निळसर पारदर्शक लाखेसारखं काही लावत. तिथली जाडी शून्य पॉइंट नऊ एक भरली. म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या इंग्रजी मापात वीस गेज, बरोबर.

"मॅडम, काय झालं?"

"हे जपानी नाही."

"मग?"

"इंग्रजांचं विमान. म्हणजे, त्यांच्याच बाजूचं. आजोबांच्या."

इन्शा पत्र्याकडे बघत राहिली. मग तिने तो फार हळू खाली ठेवला. "ते 'विसंगत' का काय म्हणणार होतात सकाळी," ती म्हणाली, "ते चालणार नाही का? कुणाला कळतंय? अप्पांचं वय काय..." आणि थांबली. "सॉरी. मी अशीच बोलले."

"खरं आहे तुझं. कुणाला कळणार नाही."

रिक्षा द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी अडकली. खणात गुंडाळलेला पत्रा मांडीवर होता आणि त्याचं वजन तिला मांडीला जाणवत होतं, बोटांना नाही. त्या रविवारी सकाळी आकाशात दोन्हीकडची विमानं एकमेकांत मिसळलेली असणार. खालून ती सगळी काळीच दिसतात. तोफेवरच्या माणसाला आवाजाकडे तोंड करून गोळा भरायचा असतो. निवृत्ती गतीर तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पाडलं असेल. किंवा पाडलं नसेल. दुसऱ्या कुणी पाडलेल्या, स्वतःच पडलेल्या विमानाजवळून तो तुकडा उचलला असेल. आजोबांच्या तोंडून तिने ही गोष्ट कधी ऐकली होती का, हे ती आठवू लागली. ती अकरा वर्षांची असताना ते गेले. त्यांचे विडीने पिवळे झालेले मिशांचे केस तिला आठवत होते, बैलाच्या पाठीवर ठेवलेला हात, गुळाचा खडा दाताने फोडून अर्धा तिला देणं. गोष्ट आठवत नव्हती. गोष्ट सांगताना दिसायचे ते अप्पाच. आणि खंडेनवमीला गावच्या घरी सगळे विळे, पाने, तो पत्रा मांडून झाला, आरतीला सगळे उभे राहिले, की आजोबा दारात नसत. ते गोठ्यापाशी जाऊन, पाठ करून, नैवेद्य होईपर्यंत उभे असत. "आबांना धुराचा त्रास होतो," आई म्हणायची. त्याच आबांच्या विडीचा धूर घरभर असायचा, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. हर्षालीच्याही नाही, आणि ती तर बारीकसारीक गोष्टी लक्षात येण्याबद्दल शाळेत बक्षिसं मिळवणारी मुलगी होती. सिग्नल सुटला. तिला वाटलं, आता काहीतरी जाणवेल. नाशिकरोडपर्यंत ती त्याची वाट पाहत राहिली.

अप्पा जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसले होते. समोर कागद होता. "ये. ऐक," ती चपला काढत असतानाच ते म्हणाले. "'जपानी लढाऊ विमान पाडणारे आपल्या गावचे वीर गनर कैलासवासी निवृत्ती सखाराम गतीर.' आता मला सांग, वीर आधी का गनर आधी? देवराम म्हणतो वीर आधी. पेंटर बसलाय त्याच्याकडे."

"अप्पा, थांबा जरा."

"तू आधी हात पाय धू. हे काय, बोटाला काय झालं?"

"पत्र्याची कड लागली."

"बघ!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अजून धार आहे त्याला."

ती त्यांच्यासमोर बसली. वाटेत तिने दोन-तीन वाक्यं तयार केली होती, त्यांतलं एकही आता तोंडात येईना. म्हणून तिने अहवाल सांगतात तसं सांगितलं. आधी मिश्रधातू, मग भोकांमधलं अंतर, मग आतला रंग, मग जाडी. शेवटी, "हे झिरोचं नाही, अप्पा. इंग्रजी विमानाचं आहे."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मापात चूक असंल तुझ्या," ते म्हणाले. "राग मानू नको. पण तुझी बोटं आता... तुला समजतं तरी का, जबडा टेकला का नाही टेकला?"

असं ते तिला कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ते स्वतःच टेबलाच्या कडेकडे बघू लागले.

"मी नाही घेतली मापं," ती म्हणाली. "इन्शाने घेतली. तुम्ही घ्या पाहिजे तर."

ते उठले. आतल्या कपाटातून त्यांची स्टीलची पट्टी घेऊन आले. कामावरची, टोकं गोल झालेली. खण उघडून त्यांनी पत्र्याला नमस्कार केला आणि पट्टीची मिलिमीटरची बाजू भोकांच्या ओळीला लावली. भोकं आकड्यांच्या मध्येच कुठेतरी येत होती. एक एकोणिसाच्या जरा पुढे, एक अडतिसाच्या जरा पुढे. ते ओठ हलवून मोजत राहिले. मग त्यांनी, तिने काही न सांगता, पट्टी उलटी केली. इंचाची बाजू. त्यांनी जुन्या, विलायतेहून आलेल्या यंत्रांवर अर्धं आयुष्य इंची पान्यांनी काम केलं होतं. पहिलं भोक शून्यावर धरलं, आणि बाकीची चार भोकं पट्टीवरच्या रेघांखाली एकेक करून जाऊन बसली, जशी नेहमीच तिथे होती.

"पाऊण," अप्पा म्हणाले. त्यांचं नख पुढच्या रेघेवर गेलं. "दीड." मग पुढच्या. "सव्वादोन." शेवटच्या भोकावर त्यांनी नख नुसतं टेकवून ठेवलं.

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. अप्पांनी पट्टी पत्र्याला समांतर ठेवली, नीट, कडेला कड लावून.

"बा नं पाडलं का मग ते? आपलंच?"

"यावरून सांगता येत नाही. तिथून तुकडा उचलला, एवढंच यावरून कळतं."

"का उचलला असंल?"

तिने खणाची दुमडलेली कड सरळ केली.

"मी नऊ वर्षांचा होतो," अप्पा म्हणाले. "त्याच्या ट्रंकेत तळाशी सापडला मला, पट्ट्यात गुंडाळलेला. नवमीच होती. मी म्हटलं ही तर लढाईतली वस्तू, न्हेऊन ठेवली विळ्यांच्यामधी, हळदकुंकू लावलं. बा शेतातून आला. बघितलं आन् थोबाडीत मारली. तेवढीच, जल्मात तेवढीच. मला वाटलं मी पारोसा होतो म्हणून." ते थांबले. "आईला म्हणाला, राहू दे आता, लावलंय तर. मग मी पोरांत सांगत सुटलो. बा ऐकत होता. नाही कधी बोलला नाही. हो पण नाही बोलला."

"मी त्यात आकडे घातले," हर्षाली म्हणाली.

"हां. तुझ्यामुळं गोष्ट लय भारी झाली." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग कुणीतरी शेजारून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्यात बसायला किती जण असत्यात? त्या इंग्रजी विमानात."

"एक. नाहीतर दोन. दोन्ही प्रकारची होती तिथे. कुठलं हे, ते नाही समजत."

"तारीख तर माहीत आहे आपल्याला."

"हो. नोंदी असतात अशांच्या. शोधता येतील. सापडतीलच असं नाही."

अप्पांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. त्यांना अलीकडे कानाला लावून ऐकू येत नसे.

"अप्पा, काय ठरलं मंग?" देवराम सरांचा आवाज आला. "हा गडी दोनदा चहा पिऊन बसलाय. वीर आधी का गनर आधी?"

"वीर काढा," अप्पा म्हणाले.

"काढू? बरं. मंग, जपानी लढाऊ विमान पाडणारे गनर..."

"तेबी काढा. विमानाचं सगळं काढा."

पलीकडे कुणाशी तरी कुजबूज झाली. "अवो, मंग ऱ्हातं काय? दाखला नाय भेटला का ताईंचा?"

"भेटला. दाखला भेटला म्हणून तर सांगतोय. लिहून घ्या. निवृत्ती सखाराम गतीर. तोफेवर होते. कोलंबो. एप्रिल एकोणीसशे बेचाळीस. बास."

"पत्रा आणताय ना पण?"

"आणतोय. लोकांनी विचारलं तर मीच सांगीन काय ते. आन् सर, त्याच्या खाली दोन ओळींची जागा सोडा."

"मोकळी? लय ओकं दिसंल, अप्पा. कशाला सोडायची?"

अप्पांनी हर्षालीकडे बघितलं. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही नीटसं कळलं नाही.

"नावं यायचीत अजून," अप्पा म्हणाले. "एक. नाहीतर दोन."